संकट संपेपर्यंत

तो कंदील मी उतरवला. 'विनूदादांनी सांगितलं म्हणून उतरवला' असं मी पुढे कैक वर्षं सांगत आलो. बायकोला सांगितलं, स्वतःला तर रोजच सांगितलं. ते खोटंही नाही. पण असं एकट्यानं हुकूम सोडण्याचा अधिकार विनूदादांना कुणी दिला, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तो मी दिला होता. गच्चीवर उभं राहून, छाती पुढे काढून, अमेरिकेच्या अध्यक्षांचे दाखले देत दिला होता.

यंदा दिवाळी आणि अमेरिकेतली निवडणूक एकाच आठवड्यात आली. स्वयंपाकघरात बायको चकल्या तळत होती. भाजणीचा खरपूस वास पुढच्या खोलीपर्यंत आला होता आणि रेडिओवरचा माणूस शांत आवाजात सांगत होता, की सत्तेवरचा अध्यक्ष हरला. तेहरानमध्ये ओलीस धरलेली अमेरिकेची माणसं त्याला वर्षभरात सोडवून आणता आली नाहीत. माझा मुलगा म्हणाला, "एवढी विमानं, एवढे बॉम्ब, आणि माणसं सुटत नाहीत? मग तो कसला अध्यक्ष, बाबा?"

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. उत्तर माझ्या जिभेवर असायला हवं होतं. पण चकलीचा वास आणि अमेरिकेचा निकाल एकत्र आले की माझी वाचा बसते. ते दोन्ही असेच लागोपाठ आले होते ती दिवाळी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. मी गिरगावातल्या चाळीत राहणारा, बी. ए.ला राज्यशास्त्र घेतलेला आणि स्वतःला फार शहाणा समजणारा मुलगा होतो.

त्या शहाणपणाचा उगम आमच्याच माळ्यावर होता, आमच्यापासून तिसऱ्या दारात. वैद्य सर दादरच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. संध्याकाळी शाळेतून आले की कोट खुंटीला, हातपाय धुणं, आणि मग गॅलरीत आरामखुर्ची. मी खाली चटईवर. खालून नळावरच्या बादल्यांचा आवाज, समोरच्या वाडीतून कुणाच्या तरी पेटीचे सूर. सरांची मुलगी सुमन चहा आणून द्यायची. माझी सुमाताई. तिला भाऊ नव्हता, मला बहीण नव्हती. मला कळायला लागल्यापासून दर भाऊबीजेला तिनंच मला ओवाळलं होतं. लहानपणी मी ताटात दोन आणे टाकायचो आणि संध्याकाळी तिच्याकडूनच चार आणे उसने घ्यायचो.

अमेरिकेचा अध्यक्ष मला सरांनी शिकवला, तो पुस्तकातून नव्हे.

"हे बघ अरुण, ती घटना लिहिणारी माणसं राजाला विटलेली होती. एक राजा नुकताच घालवलेला. दुसरा कशाला घरात आणतील? पहिलं कलम कोणाचं आहे?"

"तिथल्या संसदेचं."

"आणि अध्यक्षाचं?"

"दुसरं."

"झालं तर. सून आणली आहे घर चालवायला, पण कपाटाच्या किल्ल्या सासूच्या कमरेला. पैसा सासू देणार. युद्ध पुकारायचं, तर सासूला विचारून."

आतून माई, म्हणजे सरांची बायको, ओरडायच्या, "आणि सुनेनं काय करायचं हो? भांडी?"

"सही," सर म्हणायचे. "आणि मनात नसलं तर सही करायची नाही. तेवढा फणकारा तिला माफ आहे."

माई हसायच्या, सुमाताई हसायची. मग सरांचा आवाज बदलायचा. "पुढे यादवी पेटली. सासू घाबरली, म्हणाली, बाई गं, आता तूच बघ. मंदी आली, माणसं पोटासाठी रांगेत उभी राहिली, पुन्हा तेच. मग महायुद्ध, मग अणुबॉम्ब. दर वेळी एकेक किल्ली कमरेवरून सुटली. मंदी ते महायुद्ध तर चाकांच्या खुर्चीतल्या एकाच माणसाला लोकांनी चार वेळा निवडून दिलं. तो रेडिओवर बोलायला लागला की सगळ्यांना वाटायचं, हा आपल्याच घरात येऊन बसलाय."

"पण सर, त्यातून भलंच झालं ना?"

"पुष्कळ झालं. गुलाम सुटले, रिकाम्या हातांना काम मिळालं. मी कुठं नाही म्हणतो? फक्त किल्ली परत मागायची असते, एवढं लक्षात ठेव. सून काही हिसकावून घेत नाही रे. सासूच विसरते."

यातलं पहिलं अर्धं माझ्या लक्षात राहिलं. संकटात एक खंबीर माणूस लागतो, हे मला फार आवडलं होतं. दुसरं अर्धं मी चहाबरोबर पिऊन टाकलं.

दोष केवळ वयाचा नव्हता. दिवसच तसे होते. वर्षाच्या सुरुवातीला गिरगावात गोळ्या चालल्या. शेजारच्या वाडीतला एक मुलगा दूध आणायला गेला तो परत आला नाही. अश्रुधुरानं आमच्या आयांचे डोळे दोन दिवस लाल होते. मुंबईसह महाराष्ट्र मिळाल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही, असं भिंतींवर डांबरानं लिहिलेलं होतं आणि ते पुसायला आलेल्या माणसालाही पुसावंसं वाटत नव्हतं. लालबाग-परळहून मोर्चे यायचे तेव्हा गिरणीतल्या माणसांच्या अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. आमच्या चाळीतल्या बायका वरून त्यांच्यासाठी कळशा उतरवायच्या.

चाळीची समिती होती, सात जणांची. अध्यक्ष विनूदादा राणे. मूळचे मालवणचे, गोदीत हेडक्लार्क, उंच, बोलायला लागले की नळावरचं भांडण थांबायचं. लाठीमारात त्यांचा खांदा निखळला होता आणि तो तसाच बांधून ते दुसऱ्या दिवशी प्रभातफेरीत पुढे होते. मी त्यांच्यावर जीव टाकायचो. सर त्या सातांपैकी एक होते. समितीची रीत अशी, की सातही जण गच्चीवर बसल्याखेरीज आणि सातांचं एकमत झाल्याखेरीज काही ठरायचं नाही. त्यामुळे फेरी ठाकुरद्वाराकडून न्यायची की मुगभाटातून, यावर चहा दोनदा व्हायचा. आम्हा पोरांचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

दसऱ्यानंतर बातमी पक्की झाली, की गुजरात आणि महाराष्ट्र बांधून एक मोठं द्वैभाषिक राज्य होणार, आणि तेही नेमकं दिवाळीच्या तोंडावर. बेळगाव तर म्हैसूर राज्यात जाणार. समितीनं ठरवलं, यंदा चाळीत कंदील नाही, फटाके नाहीत. घरात काय गोडधोड करायचं ते करा, पण बाहेर अंधार.

तेव्हा माई गच्चीवर आल्या होत्या. बायका सहसा येत नसत. पदर सावरत म्हणाल्या, "सुमीचं लग्न वैशाखात झालं. पहिला दिवाळसण आहे. जावईबापू बेळगावहून येतायत. एकच कंदील लावू द्या दाराशी. घरचा, सुमीच्या हातचा." सात जणांनी मान डोलावली. विनूदादाच म्हणाले, "लावा, माई. एवढ्याशा कंदिलानं महाराष्ट्र काही जात नाही." मी तिथं होतो. मी ते ऐकलं.

मग दोनच दिवसांनी ती सभा. चाळीतली सगळी पुरुषमंडळी गच्चीवर, उन्हं कलती, वाळवणं गोळा केलेली. पोलिसांची धरपकड सुरू झाली होती. समितीतले दोघं भूमिगत व्हायच्या बेतात होते. विनूदादांनी मला पुढे ओढलं. "ह्यो आमचो प्रोफेसर. सांग रे, तुझ्या अमेरिकेचा काय ता सांग."

आणि मी सांगितलं. सरांच्या गॅलरीतलं सगळं ओतलं. यादवी, मंदी, महायुद्ध. देश बुडायला आला की तिथं वाद घालत बसत नाहीत, एका माणसाच्या हातात सूत्रं देतात. म्हणून तो देश तरला. आपल्यावरही संकट आहे. सात जणांच्या चहाला वेळ नाही. सगळे अधिकार विनूदादांना द्या!

टाळ्या पडल्या. अंगावर काटा आला होता माझ्या. तेवढ्यात मागून सरांचा ओळखीचा आवाज आला, वर्गात विचारतात तसा. "मुदत किती?"

"संकट संपेपर्यंत," मी म्हणालो.

"संकट संपलं हे कोण ठरवणार?"

उत्तर नसलं की माणूस काय करतो, ते मी केलं. हसलो आणि म्हणालो, "सर, ही गच्ची आहे. शाळा नाही."

सगळे खदखदून हसले. कुणीतरी शीळ घातली. सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तो स्वच्छच होता. ठरावावर हात वर झाले, त्यांचा वर झाला नाही.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी चाळ अंधारात उभी होती आणि आम्हाला तिचा अभिमान वाटत होता. दुसऱ्या माळ्यावर, सरांच्या दाराशी मात्र एक कंदील होता. निळ्या पतंगी कागदाचा, चांदणीसारखा, पांढऱ्या झिरमिळ्या लावलेला. विनूदादा आणि मी खाली अंगणात होतो, आणि समोरून शेजारच्या वाडीतली पोरं घोषणा देत चालली होती. त्यांतला एक ओरडला, "वा रे चाळ! आमच्याकडे सुतक, तुमच्याकडे दिवाळी! भले शाब्बास!" दुसऱ्यानं त्याहून वाईट काहीतरी म्हटलं.

विनूदादांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांचा तो दुखरा खांदा वर चढला. समितीची जुनी रीत असती तर त्यांना सात जण गोळा करावे लागले असते. दोघं पळालेले, एक आंघोळीला, एकाला चहा हवा, आणि मग तिथंच कुणीतरी म्हणालं असतं, अहो, आपणच तर परवानगी दिली होती. ज्या उशिराला मी गच्चीवर शिव्या घातल्या होत्या, त्या उशिरानं तो कंदील वाचवला असता. हे मला आज वर्गात शिकवताना कळतं. तेव्हा विनूदादांनी नुसतं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "उतरव."

'दादा, आपण माईंना हो म्हटलं होतं' एवढंच वाक्य बोलायचं होतं. मी कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि जिना चढलो.

सर दारातच उभे होते. सुमाताई उंबऱ्याच्या आत, हिरव्या चुड्याचे हात एकमेकांत घट्ट धरून. तिच्या मागे जावईबापू, बाहीला काळी फीत बांधलेले. मी कुणाकडे न बघता काठी वर केली. जावईबापू हळू आवाजात म्हणाले, "बेळगावात आमच्या घरी यंदा कंदील नाहीच. हिच्यासाठी म्हणून इथं आलो होतो." मी काठी खाली घेतली नाही. दोरी हुकातून निघेना तेव्हा सर म्हणाले, "सांभाळून, अरुण. आत पणती आहे. हात भाजेल."

माझ्या हाताची काळजी केली त्यांनी. ते वाक्य मला अजून ऐकू येतं, बहुधा दाढी करताना.

दुसऱ्या दिवशी विनूदादांनी सांगितलं, समितीचा हुकूम मोडणाऱ्यांकडचा फराळ कुणी घ्यायचा नाही. कुणीही विचारलं नाही, कुठली समिती. माईंनी नेहमीसारखी दारोदार ताटं पाठवली होती, वर विणलेले रुमाल घालून. एकेक ताट जसंच्या तसं परत गेलं. आमच्याकडचं आई परत देऊन आली आणि चुलीपाशी बसून राहिली. "तुझ्या अमेरिकेत फराळसुद्धा परत करतात का रे?" ती म्हणाली. "माईंच्या अनारशांवर वाढलास तू."

भाऊबीजेला मी घरातून निघालो आणि जिना उतरून रस्त्यावर गेलो. तीन दारं चालण्याची हिंमत झाली नाही. चौपाटीवर बसलो, दिवे लागणीला परतलो. नंतर माई आईला म्हणाल्या होत्या, की सुमीनं दुपारपर्यंत पाट मांडून ठेवला होता. रांगोळीसकट.

त्या दोन-तीन दिवसांतच अमेरिकेचा निकाल आला. महायुद्ध जिंकलेला म्हातारा सेनापती पुन्हा निवडून आला होता. सर आणि मी तो निकाल एकत्र ऐकणार होतो, त्यांच्या रेडिओवर. मी तो कोपऱ्यावरच्या इराण्याकडे, बंद पडत चाललेल्या रेडिओवर, उभ्यानं ऐकला.

गुढीपाडव्याच्या आत सरांनी बिऱ्हाड दादरला हलवलं. "शाळा जवळ पडते," असं ते सगळ्यांना सांगत होते. कंदिलाचा सांगाडा समितीच्या खोलीत धूळ खात होता, तो शिमग्याला पोरांनी होळीत टाकला.

राज्य मिळालं त्या मे महिन्याच्या रात्री आमची चाळ अशी उजळली, की समोरच्या वाडीच्या भिंतीवर आमच्या सावल्या नाचत होत्या. मी विनूदादांना मिठी मारली आणि विचारलं, "दादा, आता समिती बोलवायची ना? संपलं संकट." ते मनापासून चकित झाले. "संपला? अरे, पाण्याची लायन कोण बघतलो? मालक गच्ची भाड्यान् देवक् बघता, ता कोण थांबवतलो?" खोटं काहीच नव्हतं त्यात. रात्ररात्र जागून त्यांनी नवी पाइपलाइन आणली, गच्ची वाचवली. समिती मात्र पुन्हा बसली नाही. कुणाला तिची आठवणही झाली नाही. 'दादा बघतील' हे दोन शब्द चाळीत इतके रुळले की लहान मुलं भोवरा हरवला तरी म्हणायची, दादा बघतील. आणि एका उन्हाळ्यात टाकी फुटली तेव्हा त्याच गॅलऱ्यांतून त्याच दादांना आईबहिणीवरून शिव्या बसल्या. निवृत्त होऊन मालवणला जाताना ते मला म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही सगळं माझ्या हातात दिलात आणि आपापल्या घरात जाऊन झोपलात. मगे माझ्या झोपेचा कोण बघतलो?"

मी दर वर्षी वर्गात सासू-सुनेचं उदाहरण देतो. मुलं हसतात, झटकन समजतात, परीक्षेत लिहितात. सरांचं नाव मी घेत नाही. मधल्या काळात त्या उदाहरणाला पुष्कळ शेपट्या फुटल्या. त्याच म्हाताऱ्या सेनापतीनं पुढच्याच वर्षी काळ्या मुलांना शाळेत जाता यावं म्हणून सैनिक पाठवले, तेव्हा मला वाटलं, बघा सर, शेवटी एक खंबीर माणूसच लागतो. मग संसदेनं रीतसर न पुकारलेलं युद्ध वर्षानुवर्षं चाललं, आणि वाटलं, सर बरोबर होते. मग सासूला जाग आली. परवानगीशिवाय सैन्य लढवायचं तर साठ दिवस, असा कायदा तिनं केला. एका अध्यक्षाला तर खुर्ची सोडून जावं लागलं. ती बातमी वाचताना मला आनंद व्हायला हवा होता. पण मला विनूदादांच्या खांद्याची आठवण आली. सगळं एकाच्या हाती द्यायचं आणि मग त्यानं खोटं बोलू नये, घाबरू नये, चुकू नये अशी अपेक्षा धरायची. पुढच्याच वर्षी आपल्याकडेही संकटाच्या नावानं आणीबाणी आली आणि दिवे गेले. तेव्हा मी अमेरिकेचं प्रकरण हळू आवाजात शिकवलं आणि 'मुदत किती' हा प्रश्न वगळला. दुसऱ्यांदा वगळला.

म्हणून माझ्या मुलाचा प्रश्न ऐकून मी रेडिओ बंद केला. मग उठलो, बायकोला म्हटलं, भाऊबीजेला मला एक ताट भरून दे. तिनं कारण विचारलं नाही, रुमाल मात्र विणलेला काढला.

दादरला कबुतरखान्यामागच्या गल्लीत सरांचं घर सापडलं. दार सुमाताईनं उघडलं. केस पांढरे झालेले, चष्मा सरांसारखा. माई गेल्यापासून दर दिवाळीला ती बेळगावहून येते, हे मला नंतर कळलं. तिनं मला ओळखलं आणि बाजूला झाली. सर खिडकीपाशी, रेडिओ कानाला लावून. डोळे गेलेले.

"कोण आहे गं?"

"अरुण, सर."

"ये, बस. निकाल ऐकलास?" जणू मी कालच चटईवरून उठून गेलो होतो. "एका माणसाला सांगितलं, भाव उतरव, तेल आण, माणसं सोडवून आण. नाही जमलं, म्हणून घालवला. आता नव्याला तेच सांगतील. किल्ल्या देताना हात थरथरत नाहीत रे लोकांचे."

"सर," मी म्हणालो, "गच्चीवर तुम्ही मुदत विचारली होतीत. मी तुम्हाला हसलो. लोकांना हसवलं. तुमचंच शिकवलेलं तुमच्यावर उलटवलं. माझं चुकलं, सर."

त्यांनी कळ फिरवून रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "मास्तरला पोरं हसतातच. ते मी त्याच संध्याकाळी सोडून दिलं. पण कंदील माझा नव्हता, अरुण. ज्याचा होता त्याला सांग."

मी ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. ती पणत्यांत तेल घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं रे तेव्हा, उतरव म्हणून?"

ते उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. इतकी वर्षं तेच तर देत आलो होतो.

"कुणी नाही, सुमाताई," मी म्हणालो. "सांगण्याचा अधिकारही मीच देऊन ठेवला होता, आणि काठीही मीच उचलली. समितीनं माईंना हो म्हटलेलं मला ठाऊक होतं, तरी तोंड उघडलं नाही. भाऊबीजेला तू पाट मांडून बसलीस आणि मी चौपाटीवर बसलो. माझं चुकलं, ताई. मला क्षमा कर."